विश्लेषण : कॉलेजचा बेसबॉल सामना पाहायला १६ हजार लोक का येतात?

१५ एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात स्टार्कव्हिल या गावी दोन विद्यापीठांच्या संघांत बेसबॉलचा सामना झाला. एका बाजूला यजमान मिसिसिपी स्टेट, दुसऱ्या बाजूला त्याच राज्यातील जुना प्रतिस्पर्धी, ‘ओल मिस’ या नावाने ओळखले जाणारे मिसिसिपी विद्यापीठ. सामना पाहायला १६ हजार ४२३ प्रेक्षक आले. २०२० च्या जनगणनेनुसार स्टार्कव्हिलची लोकसंख्या सुमारे २४ हजार आहे. तुलनेसाठी, रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७६ हजारांच्या घरात होती.

कोकणातील अनेक घरांतली मुले आज अमेरिकेत शिकत आहेत. मे महिन्यात पदवीदान समारंभासाठी आईवडील तिकडे जातात, तेव्हा कॉलेज बेसबॉलचा हंगाम ऐन भरात असतो. मुलगा किंवा मुलगी कौतुकाने सामन्याला घेऊन जाते आणि तीन तास समोर काय चालले आहे, हे कळत नाही. त्यातच २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ असणार आहेत. त्यामुळे या खेळाची ओळख करून घ्यायला हे चांगले निमित्त आहे.

क्रिकेट पाहणाऱ्याला बेसबॉल थोडक्यात कसा समजेल?

मैदानाचा मधला भाग पत्त्यांतल्या चौकटच्या पानासारखा असतो. चार कोपऱ्यांवर चार ठाणी, म्हणजे बेस. बॅटर उभा असतो ते ‘होम प्लेट’. तिथून उजवीकडे पहिला बेस, समोर दुसरा, डावीकडे तिसरा आणि पुन्हा होम. ही फेरी पूर्ण झाली की एक रन. क्रिकेटमध्ये एकदा पलीकडे पळाले की रन मिळते, इथे चारही ठाणी गाठावी लागतात. मात्र एका दमात गाठायची सक्ती नसते. पहिल्या बेसवर थांबून पुढच्या बॅटरच्या फटक्यावर पुढे सरकता येते. लहानपणी अंगणात ‘घर’ गाठून सुरक्षित होण्याचे खेळ खेळलेल्या कोणालाही हे पटकन उमजेल.

दोन्ही संघांत प्रत्येकी नऊ खेळाडू मैदानात उतरतात आणि नऊ इनिंग होतात. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना एकदा बॅटिंग मिळते आणि तीन जण आऊट झाले की बाजू बदलते. म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाचे २७ आऊट. सामना बरोबरीत राहिला तर जादा इनिंग खेळतात.

चेंडूचा टप्पा पडत नाही. पिचर १८.४४ मीटरवरून तो थेट कॅचरच्या हातमोज्यात फेकतो. चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला आणि बॅटरने मारला नाही, किंवा मारायला जाऊन चुकला, तर तो ‘स्ट्राइक’. चौकटीबाहेर गेला आणि बॅटरने सोडला तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की आऊट, चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस फुकट. फलकावर ‘३-२’ दिसले तर ती धावसंख्या नव्हे. तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झालेत, पुढच्या चेंडूवर बहुधा निकाल लागणार, असा त्याचा अर्थ. अशा वेळी आजूबाजूचे लोक उठून उभे राहतात ते याचसाठी.

क्रिकेटच्या सवयीला सर्वात खटकणारी गोष्ट म्हणजे अपयशाचे प्रमाण. दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा बॅटर इथे चांगला मानला जातो. उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून परत येतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

भाट्येच्या किनाऱ्यावर हे मैदान आखता येईल का?

पूर्ण मैदान मावणार नाही, चौकट मात्र सहज मावेल. काजळी नदीच्या मुखापाशी असलेला भाट्येचा किनारा सुमारे दीड किलोमीटर लांब आणि बराच सपाट आहे. ओहोटीला मागे राहणारी ओली, घट्ट वाळू पळायला चांगली. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जास्त मागे जाते आणि त्या दिवसांत संध्याकाळच्या वेळी ओहोटी मिळते.

दोन बेसमधले अंतर २७.४३ मीटर असते. पाऊण मीटरचे एक पाऊल धरले तर साधारण ३७ पावले. होमपासून पिचरपर्यंत २५ पावले आणि होमपासून समोरच्या दुसऱ्या बेसपर्यंत ५२ पावले. शाळकरी मुलांसाठी बेसमधले अंतर २५ पावले ठेवले तरी चालते. अमेरिकेत बारा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांत ते जवळपास तेवढेच असते. टेनिसचा चेंडू घेतला तर हातमोजेही लागत नाहीत.

होम प्लेट कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न. बेसबॉलच्या नियमपुस्तकात बॅटरचे तोंड पूर्व-ईशान्येकडे असावे, अशी शिफारस आहे. दुपारनंतरचे ऊन त्याच्या डोळ्यांत जाऊ नये, हा हेतू. अशा मैदानावर पिचरचे तोंड पश्चिमेकडे येते आणि त्याचा डावा हात दक्षिणेला. डावखुऱ्या पिचरला अमेरिकेत ‘साउथपॉ’, म्हणजे दक्षिणेकडचा पंजा, का म्हणतात याचा उलगडा अनेकदा यावरूनच केला जातो. भाट्येला पश्चिमेस समुद्र आहे. तेव्हा बॅटरची पाठ समुद्राकडे आणि तोंड सुरूच्या बनाकडे हवे. चेंडूही समुद्रात जाणार नाही. फक्त भरतीचे पाणी सर्वात आधी होम प्लेटवरच येईल, म्हणून ओहोटी पूर्ण व्हायच्या आतच खेळ सुरू करावा. बेसबॉलला पूर्वापार वेळेची मर्यादा नाही, भाट्येला ती आहे.

चेंडू सुरूच्या झाडांत गेला तर? त्याचे उत्तरही या खेळात आहे. सामन्यापूर्वी पंच आणि दोन्ही प्रशिक्षक होम प्लेटजवळ भेटतात आणि त्या मैदानाचे स्थानिक नियम पक्के करतात. शिकागोच्या रिग्ली फील्ड या मैदानात कुंपणाच्या भिंतीवर वेली आहेत. चेंडू त्यात अडकला की बॅटरला दोन बेस मिळतात. ‘कौलांवर गेला तर आऊट, विहिरीत गेला तर ज्याने मारला त्याने आणायचा’ असे नियम करून खेळणाऱ्यांना हे नवीन नाही.

सामन्याच्या दिवशी प्रेक्षक काय करतो?

कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतो. सर्वसाधारणपणे शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तीन सामन्यांची मालिका असते. पिचरच्या खांद्यावर आणि कोपरावर मोठा ताण येत असल्याने एकच जण तिन्ही दिवस सुरुवात करत नाही. संघातला सर्वोत्तम पिचर बहुधा शुक्रवारी उतरतो. तिकीट एकाच दिवसाचे मिळणार असेल तर शुक्रवारची संध्याकाळ बघावी, कुटुंबासोबत निवांत बसायचे असेल तर रविवारची दुपार.

अनेक मैदानांवर फक्त पारदर्शक पिशवी आत नेता येते, त्यामुळे नेहमीची पर्स किंवा कापडी पिशवी घरी ठेवलेली बरी. टोपी आणि पाणी हवेच. थोडे लवकर पोहोचले तर बॅटिंगचा सराव पाहायला मिळतो. राष्ट्रगीत झाले की खेळ सुरू.

पहिला फटका बसला की आवाज ऐकून क्रिकेटचा प्रेक्षक दचकतो. लाकडाच्या ‘टक्’ऐवजी ‘खण्ण’ असा धातूचा आवाज येतो. व्यावसायिक लीगमध्ये फक्त लाकडी बॅट चालते, तर कॉलेजच्या खेळात १९७४ पासून ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी आहे. लाकडी बॅट वारंवार मोडतात आणि तो खर्च कॉलेजांना जड जात होता. पुढे या बॅटमधून चेंडू फारच वेगाने सुटू लागला, तेव्हा २०११ पासून तिच्या उसळीवर मर्यादा घालण्यात आली.

जाणकार प्रेक्षक फक्त चेंडू पाहत नाही. बेसवर उभा असलेला खेळाडू हळूच दोन-तीन पावले पुढे सरकतो आहे का, पिचर त्याच्याकडे वळून पाहतो आहे का, क्षेत्ररक्षक आत आले आहेत का, यावर त्याची नजर असते. पिचर चेंडू टाकायला लागताच तो खेळाडू पुढच्या बेसकडे धूम ठोकतो, त्याला ‘स्टील’ म्हणतात, म्हणजे शब्दशः चोरी. कबड्डीत बोनस रेषेकडे सरकणाऱ्या चढाईपटूकडे जसे सगळ्यांचे लक्ष लागते, तसाच तो क्षण.

पिचरने कोणाला तीन स्ट्राइकवर बाद केले की काही प्रेक्षक कठड्यावर इंग्रजी ‘के’ अक्षराचा कागद लटकवतात. धावपत्रकात अशा आऊटची तीच खूण आहे. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे जागेवरून उठतात, हातपाय ताणतात आणि एकत्र गाणे म्हणतात. चेंडू प्रेक्षकांत आला तर व्यावसायिक सामन्यात तो ज्याला सापडेल त्याचा. कॉलेजच्या मैदानावर काही ठिकाणी तो परत मागतात, म्हणून शेजाऱ्याला विचारलेले चांगले. संभाषण सुरू करायलाही तो प्रश्न उपयोगी पडतो.

स्टार्कव्हिलमध्येच एवढी गर्दी का होते?

त्या गावात व्यावसायिक संघ नाही. जवळपासही मोठे शहर नाही. विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ. १९६० च्या दशकापासून तिथले लोक डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे आपली वाहने लावायचे, शेगडी पेटवायचे आणि मांस भाजत भाजत सामना पाहायचे. त्या जागेला ‘लेफ्ट फील्ड लाउंज’ हे नाव पडले. विद्यापीठाने लोकांना तिथून हुसकावले नाही. मैदानाचे नूतनीकरण करतानाही ती जागा राखली आणि तिथे पक्के ओटे बांधून दिले.

कॉलेजचा खेळाडू तीन-चार वर्षांत निघून जातो. कुंपणापलीकडचा माणूस मात्र तीस-चाळीस वर्षे त्याच जागी येतो. आधी वडिलांबरोबर, मग मित्रांबरोबर, पुढे नातवंडांना घेऊन. संघाची आठवण तोच सांभाळतो. २०२१ मध्ये मिसिसिपी स्टेटने बेसबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. कोणत्याही सांघिक खेळातले विद्यापीठाचे ते पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद होते. संघातल्या मुलांसाठी ती काही वर्षांच्या मेहनतीची भरपाई होती, ओट्यावरच्या आजोबांसाठी आयुष्यभराच्या प्रतीक्षेची.

ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेत दोन कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी झाला. त्यात ॲमहर्स्टने विल्यम्सला ७३-३२ असे हरवले. राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा, म्हणजे ‘कॉलेज वर्ल्ड सीरिज’, १९४७ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी उपविजेत्या येल संघातून पहिल्या बेसवर खेळणारे जॉर्ज बुश पुढे अमेरिकेचे ४१ वे अध्यक्ष झाले. १९५० पासून ही स्पर्धा नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात होते. ६४ संघांतून आठ संघ तिथवर पोहोचतात. एका पराभवाने कोणी बाहेर जात नाही, दुसऱ्या पराभवाने जातो. अंतिम फेरी तीन सामन्यांची असते.

खेळाडूंचे काय पणाला लागलेले असते?

याचे उत्तर कुमार रॉकर या पिचरच्या वाटचालीत मिळते. त्याची आई भारतीय वंशाची, तर वडील ट्रेसी रॉकर अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडू आणि प्रशिक्षक. कुमार नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळत होता. ८ जून २०१९ रोजी ड्यूक विद्यापीठाविरुद्ध, हरल्यास हंगाम संपणार अशा सामन्यात, त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. २७ पैकी १९ जणांना त्याने तीन स्ट्राइकवर बाद केले. त्या वेळी तो पहिल्या वर्षाला होता. त्याच महिन्यात व्हँडरबिल्टने ओमाहात विजेतेपद पटकावले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, तो पुन्हा ओमाहाच्या अंतिम फेरीत होता. समोर होता मिसिसिपी स्टेट. निर्णायक तिसऱ्या सामन्यात सुरुवात कुमारनेच केली आणि व्हँडरबिल्ट ०-९ असा हरला. स्टार्कव्हिलच्या आनंदाची दुसरी बाजू ही होती. काही दिवसांतच न्यूयॉर्क मेट्सने खेळाडू निवडीत त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले. पण वैद्यकीय तपासणीनंतर त्याच्या हाताबद्दल शंका निघाली आणि करार झालाच नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. २०२३ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. सर्वोच्च लीगमध्ये त्याने पहिले पाऊल टाकले ते सप्टेंबर २०२४ मध्ये, ड्यूकविरुद्धच्या त्या रात्रीनंतर पाच वर्षांनी.

हा झाला सर्वात गाजलेल्या मुलाचा प्रवास. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील खेळाडूला साधारणपणे तिसरे वर्ष पूर्ण झाल्यावर किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षी व्यावसायिक निवडीसाठी पात्र धरतात. निवड होते मोजक्यांची आणि त्यातलेही बरेच जण सर्वोच्च लीगपर्यंत पोहोचत नाहीत. बाकीचे अभियंते, शिक्षक, व्यावसायिक होतात. म्हणजे मैदानावर दिसणाऱ्या बहुतेक मुलांसाठी हाच खेळाचा सर्वोच्च टप्पा असतो. शेवटच्या वर्षाच्या मुलाला घरच्या मैदानावरील अखेरच्या मालिकेत लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, तेव्हा त्याचा खेळ कोणीतरी पाहिला होता, एवढी पावती त्याला मिळते.

महाराष्ट्रात कॉलेजचा बेसबॉल आहे का?

आहे. बेसबॉल आणि त्याचा भाऊबंद सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांत खेळले जातात. विद्यापीठांचे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतात. भारतीय मुलांच्या हातातला वेग अमेरिकेनेही हेरला होता. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडून पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. त्यावर २०१४ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपटही निघाला.

आपल्याकडे कमी आहे ती प्रेक्षकांची. आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, तासिका चालू असताना होतात. पाहायला राखीव खेळाडू, शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक आणि एखाद-दुसरे पालक. निकाल जिमखान्याच्या फलकावर आणि पुढे कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून येतो. राज्यात गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. या सोयी मोलाच्या आहेत. गावाकडच्या मुलीला मैदानावर पाठवायला घरचे तयार होतात, त्यामागे अनेकदा ही प्रमाणपत्रेच असतात. पण खेळ प्रमाणपत्रापुरताच उरला, तर ते हातात पडताच खेळही सुटतो.

रत्नागिरीला यातून घेण्यासारखे काय?

कोकणात खेळाला प्रेक्षक नाही, असे कोणी म्हणणार नाही. कबड्डीच्या स्पर्धेला गाव लोटतो. टेनिस चेंडूच्या क्रिकेट सामन्यांना मुंबईहून चाकरमानी येतात, ध्वनिक्षेपकावर समालोचन रंगते, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होते. ही सारी गर्दी वाडीच्या, मंडळाच्या संघामागे असते. कॉलेजच्या संघामागे ती जात नाही, कारण कॉलेज आपले आहे असे शहराला वाटत असले तरी कॉलेजचा संघ आपला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रत्नागिरीत १९४५ पासून महाविद्यालय आहे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या शिकलेली घरे शहरात आहेत. स्टार्कव्हिलच्या ओट्यांवर बसतात ती अशीच घरे.

त्यासाठी १६ हजार आसनांचे मैदान लागत नाही. एखादा घरचा सामना शनिवारी दुपारी ठेवणे, त्याची वेळ माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, धावफलक सर्वांना दिसेल असा लावणे, माईकवर खेळाडूचे नाव आणि गाव सांगणे, शेवटच्या वर्षाच्या मुलांना सर्वांसमोर निरोप देणे. खेळ बेसबॉलच हवा असेही नाही. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, काहीही चालेल. खर्च फारसा नाही. वाडीच्या स्पर्धेत आपण हे सगळे करतोच.

ज्यांना बेसबॉलचीच गोडी लागली असेल त्यांच्यासाठी २०२८ फार दूर नाही. लॉस एंजेलिसमध्ये बेसबॉल डॉजर स्टेडियमवर, तर क्रिकेट शेजारच्या पोमोना शहरात खेळले जाईल. तोपर्यंत सरावासाठी भाट्येची वाळू आहे. बेसमध्ये सदतीस पावले, पिचरपर्यंत पंचवीस, आणि भरतीची वेळ बघून निघायचे.